आधी बघायचं, मग वाचायचं: कोल्हापूर, खिद्रापूर, पन्हाळा

आमच्या गडहिंग्लजची माणसं कोल्हापूरला जातात ती दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला नाहीतर अंबाबाईला. म्युझियम बघायला म्हणून कोणी एसटीत बसलंय असं मी तरी ऐकलेलं नाही. त्यामुळं शाळेत वारसास्थळं आणि संग्रहालयांच्या ट्रेनिंग टूरचं पत्र आलं तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. इतिहास माझ्याकडं, आणि शाळेच्या कपाटातली ती जुनी नाणी, तांब्याचे हंडे, कुणीतरी आणून दिलेली दगडी मूर्ती पण माझ्याच गळ्यात. जानेवारीतले दिवस होते, थंडी मस्त होती, म्हणलं जाऊया.

गुरुवार रात्र

मुक्कामाची सोय साधी पण स्वच्छ. जेवताना ओळखी झाल्या आणि तिथंच कळलं की ग्रुप भारी आहे. निम्मे आमच्यासारखे शिक्षक, शिरोळकडच्या एका गावच्या वाचनालयाच्या ताई, पन्हाळ्यावर गाइडचं काम करणारे एक रिटायर्ड एसटी कंडक्टर, पुरातत्त्वाचा डिप्लोमा करणारी चार-पाच पोरं, आणि एक रिक्षावाले मामा. मामांचं म्हणणं असं की रोज पाहुणे अंबाबाईला सोडतोय, ते इचारतात ह्ये कुणी बांधलं, ते कुणी बांधलं, मग आपल्याला सांगता नको यायला?

ट्रेनिंग देणाऱ्या मॅडम पुण्याच्या, आयुष्य संग्रहालयात गेलेलं. त्यांनी पहिल्याच रात्री नियम सांगितला. कुठल्याही वस्तूसमोर गेलात की पाच मिनिटं पाटी वाचायची नाही, मोबाईल काढायचा नाही आणि गाइडनं तोंड उघडायचं नाही. आधी बघायचं, मग वाचायचं. कंडक्टर काकांचा चेहरा पडला. गाइडनं बोलायचंच नाही म्हणजे काय वो?

शुक्रवार: टाऊन हॉल

सकाळी मिसळ. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण कोल्हापुरात कुठली मिसळ चांगली यावर लिहिलं की भांडणं होतात. फक्त बाहेरून येणाऱ्यांसाठी एवढंच, इथं मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात, पाव येईल म्हणून वाट बघत बसू नका, आणि कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, जपून घ्या.

टाऊन हॉलचं म्युझियम सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या बागेत आहे. इमारत १८७२ ते ७६ मधली, मेजर चार्ल्स मँट या इंजिनिअरची, उतरतं छप्पर आणि टोकदार मनोरे. याच मँटनं पुढं नवा राजवाडा आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसचा आराखडा केला. सीपीआरला पेशंट घेऊन कितीदा आलेय, पण रस्ता ओलांडून या बागेत पाऊल टाकलं नव्हतं.

आत मॅडमनी आम्हाला एका छोट्या कांस्य मूर्तीसमोर उभं केलं. वीतभरसुद्धा नाही. अंगावर कपडा नाही, दाढी, पीळदार अंग, उभं राहण्याची ढब अशी की सगळा भार एका पायावर टाकलाय, आणि हात असा की त्यात काहीतरी धरलेलं असावं जे आता नाही. पाच मिनिटं गप्प बसणं किती अवघड असतं हे तिथं कळलं. दोन मिनिटांत माझं सगळं बघून झालं असं मला वाटलं, आणि मग तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला पाठीचे स्नायू दिसले, केसांच्या बटा दिसल्या. मॅडमनी विचारलं, कोण असेल? मामा ताबडतोब म्हणाले, पैलवान. कोल्हापुरात दुसरं काय म्हणणार. पण मॅडम हसल्या नाहीत, म्हणाल्या बरोबर बघितलंत, शरीर तसंच घडवलंय, आता वाचा.

पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव. हातात त्रिशूळ होता, तो गेला.

"समुद्राचा देव पंचगंगेच्या काठाला काय करतोय वो मॅडम?" मामांनी विचारलं, आणि माझ्या मते अख्ख्या टूरमधला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे, तिथं १९४४-४५ च्या सुमाराला कांस्य वस्तूंचा साठा सापडला, त्यात ही मूर्ती आणि रोमन घडणीची भांडी. मग १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं, सातवाहन काळातली विटांची घरं निघाली, आणि त्या वस्तू ठेवायला म्हणून हे म्युझियम सुरू झालं. म्हणजे दोन हजार वर्षांमागं कोकणातल्या बंदरात जहाजं लागायची आणि माल घाट चढून वर यायचा, आपलं कोल्हापूर त्या वाटेवर होतं. शेजारी 'कुर' राजांची नाणी आहेत, त्यावर धनुष्यबाण कोरलेला. मी मुलांना सातवाहन शिकवताना पैठण आणि नाशिक सांगते. कोल्हापूर कधी सांगितलं नव्हतं, पुस्तकात तेवढी जागा नाही.

वर आबालाल रेहमान यांची चित्रं आहेत. शाहू महाराजांच्या पदरी असलेला हा चित्रकार रंकाळा आणि कोटितीर्थावर बसून जलरंगात चित्रं काढायचा, आणि महाराज गेल्यावर त्यानं आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थात सोडून दिली असं कोल्हापुरात सांगतात. उरलीत ती बघताना सावकाश बघा. धुकं आणि पाणी यातली सीमारेषा त्यांनी कुठं काढलीय ते शोधून दाखवा.

दुपारी ब्रह्मपुरीवर गेलो. बघायला काही नाही. घरं, वाळत घातलेले कपडे, अंगणात अभ्यास करणारी पोरं. डिप्लोमावाली पोरं हिरमुसली. एका आजींनी विचारलं काय शोधताय, आम्ही सांगितलं, तर त्या म्हणाल्या चहा घ्या. एवढ्या सगळ्यांना. नको नको म्हणत निम्म्यांनी घेतलाच.

संध्याकाळचा क्लास वस्तू हाताळण्याचा. भांडं कधीही कानाला किंवा काठाला धरून उचलायचं नाही, दोन्ही हात तळाला. धातूच्या वस्तूला रबरी हातमोजे, कारण घामानं डाग पडतात, पण जुन्या कागदाला मोजे न घालता स्वच्छ धुतलेले कोरडे हात बरे, मोज्यात बोटाला कळत नाही आणि पान फाटतं. पितळ-तांब्याची जुनी वस्तू चिंच लावून लखलखीत करायची नाही. (हे ऐकून आमच्या शिपाईमामांची आठवण झाली, दर पंधरा ऑगस्टला शाळेतले हंडे घासतात. आल्या आल्या थांबवलं.)

मग मॅडमनी विचारलं, पुरात भिजलेली पुस्तकं वाचवायची कशी? आणि शिरोळच्या ताई बोलायला लागल्या. २०१९ च्या ऑगस्टात त्यांच्या वाचनालयात छातीएवढं पाणी होतं. खालचे दोन कप्पे गेले. जी वाचली ती त्यांनी गच्चीवर कडक उन्हात घातली, आणि सगळी फुगून, वाकडी होऊन, पानाला पान चिकटून बसली. मॅडम म्हणाल्या, त्या वेळी कोणीही तेच केलं असतं. पण ऊन नको, सावली आणि पंखा. दर काही पानांनंतर कोरा टिपकागद घालायचा आणि तो बदलत राहायचा. आणि पुस्तकं फार असतील, एका दिवसात हात फिरणार नसेल, तर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीनं एकेक वाळवता येतं. ताईंनी लगेच हिशेब केला, गावात आइस्क्रीमवाल्याकडं मोठा फ्रीजर आहे, पुढच्या पावसाळ्याआधी त्याच्याशी बोलून ठेवते. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, हे आकडे आमच्या जिल्ह्यात पोराटोरांना पाठ असतात, पण ४३ झाली की रजिस्टरं आधी कुठल्या माळ्यावर न्यायची हे कुणी ठरवून ठेवत नाही.

रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर. म्हशी तिथंच बांधलेल्या, समोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात, कोमट. सोलापूरचे एक सर आधी म्हणाले मला नको, आणि मग दोन ग्लास प्याले.

शनिवार: अंबाबाई आणि राजवाडे

पहाटे उठून देवळात. दर्शन झाल्यावर मॅडमनी सगळ्यांना बाहेरच्या भिंतीला लावलं. आपण गाभाऱ्याकडं धावतो आणि भिंत बघतच नाही. ती सरळ नाही, आत-बाहेर कोन काढत जाते, त्यामुळं सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक कोनाची सावली पडते आणि वादक, नर्तकी, योगिनी एकेक करून उठून दिसतात. नऊ वाजले की ऊन वर येतं आणि सगळं सपाट दिसायला लागतं. म्हणून देऊळ बघायचं तर साडेसातला.

किरणोत्सव समजावायला त्यांनी आम्हाला देवीकडं पाठ करून महाद्वाराकडं तोंड करून उभं केलं. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं समोरून आत येतात, पहिल्या दिवशी पायावर, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी तोंडावर. देवी पश्चिमेकडं बघते म्हणून हे जमतं. तसं उभं राहिलं की कळतं, उत्सव फक्त देवळाचा नाही. पश्चिमेकडचा मोकळा पट्टा हा पण देवळाचाच भाग, तिथं एक मजला चढला की किरण अडतो. मामांनी समोरच्या गल्लीतली कुठली इमारत कधी वाढली याची तोंडपाठ यादी सांगितली. ती इथं देत नाही.

नवा राजवाडा (१८७७ ते ८४, परत मँट) माझ्या मते थोडा ओव्हररेटेड, म्हणजे इमारत देखणी, दरबार हॉलच्या रंगीत काचा सुंदर, पण वस्तू इतक्या आणि पेंढा भरलेली जनावरं इतकी की डोकं गरगरतं. आत फोटो काढू देत नाहीत, ते एका अर्थी बरंच. इथलं काम वेगळं होतं, वस्तू बघायच्याच नाहीत, येणाऱ्या माणसांकडं बघायचं. कोण कुठं थांबतं. मी शस्त्रांच्या दालनात उभी होते, पोरं तलवारींपाशी पळत यायची आणि पळत जायची. वाघापाशी मात्र सगळे थांबायचे, सेल्फी नाही म्हणून नुसतंच बघायचे. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "किती खाल्लं असंल ह्यानं." यावर शस्त्रवाला आणि वाघवाला असे आमचे दोन गट पडून जेवणापर्यंत वाद चालला.

कसबा बावड्याला शाहू महाराजांचं जन्मस्थान धावतं बघितलं. २६ जून १८७४ ची जन्मतारीख सगळ्यांना माहीत, पण २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा वर्गात वाचून दाखवावा असा आहे, त्याला भाषण नको, नुसता वाचायचा.

संध्याकाळी खासबाग. १९१२ साली पुरं झालेलं कुस्तीचं मैदान, पायऱ्यांवर कुठंही बसा, मधला आखाडा स्वच्छ दिसतो. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं, ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं. बाहेर उभं राहिलो तर कोण तरी काका आपणहून येऊन कुठल्या रांगेत बसून कुठलं नाटक बघितलं ते सांगायला लागले. पाच मिनिटांचा नियम इथं कुणाला लावावा लागला नाही, सगळे आपोआप गप्प.

रात्री तांबडा-पांढरा. एक टीप, पांढरा रस्सा आधी प्यायचा, गरम गरम, वाटीनं, आणि संपला की मागायचा, लाजायचं नाही. शाकाहारी मंडळींना अख्खा मसूर मिळाला आणि खरं सांगते, त्यांच्या ताटाकडं बघून थोडा हेवा वाटला.

रविवार: खिद्रापूर

अंतर साठेक किलोमीटर, पण सीझन उसाचा. जयसिंगपूर सोडलं आणि पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, त्यापुढं अजून एक. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. ट्रॉलीच्या मागं सायकलवरची पोरं लोंबकळून ऊस ओढत होती, आमच्यातल्या दोन शिक्षकांनी खिडकीतून रागावल्यासारखं केलं आणि मग त्याच पोरांकडून दोन कांड्या घेतल्या. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर दीड तास जास्त धरा. वाटेत गुऱ्हाळावर थांबलो, काहिलीतून काढलेला गरम गूळ पानावर घेऊन खाल्ला. उशीर झालाच होता.

आणि तो उशीर बरा पडला. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढं स्वर्गमंडप आहे, त्याला मधोमध छप्परच नाही, गोल मोकळं आभाळ. बरोबर त्याखाली तेवढीच गोल एकसंध शिळा. आम्ही पोचलो तेव्हा उन्हाचं वर्तुळ खांबांवर तिरकं पडलं होतं आणि सरकत खाली येत होतं. पाच मिनिटांचा नियम होता, आम्ही पाऊण तास बसलो. वर्तुळ सरकलं की नवा खांब उजळायचा, त्यावरची नक्षी दिसायची, मागची विझायची. खांब एकूण अठ्ठेचाळीस, गोल, चौकोनी, कोनाकोनाचे. कंडक्टर काका एवढा वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, मी आजपर्यंत माणसांना पळवतच होतो.

खाली पायाला हत्तींची रांग, त्यांच्या पाठीवर देवता. कित्येकांच्या सोंडा तुटलेल्या. आत गेल्यावर नंदी शोधू नका, इथं नाही. तो पलीकडं कर्नाटकात यडूरला आहे असं सांगतात, आणि गाभाऱ्यात कोपेश्वराबरोबर धोपेश्वर, म्हणजे शंकराबरोबर विष्णू. सती गेल्यावर कोपलेल्या शंकराची समजूत घालायला विष्णू आला, ही गोष्ट फुलवाल्या आजींनी मॅडमपेक्षा चांगली सांगितली.

आता महत्त्वाची ट्रिक. शिलालेख समोरून बॅटरी मारून वाचता येत नाही. बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरायची, म्हणजे प्रकाश अक्षरांवरून आडवा जातो आणि प्रत्येक खाच काळी दिसते. सभामंडपात एका खांबावर मॅडमनी तसं करून दाखवलं, आधी तिथं नुसता खरबरीत दगड होता आणि एकदम ओळी उमटल्या. हळेकन्नड, म्हणजे जुनी कानडी. आमच्या भागात निम्म्या घरांत कानडी बोलतात, माझी आज्जी कानडीच, म्हणून सगळे म्हणाले वाचा वाचा. दोन-तीन अक्षरं लागली, पुढं काही नाही, आठ-नऊशे वर्षांत अक्षरांनी तोंडवळा बदललाय. दक्षिण दाराबाहेर देवनागरीतला संस्कृत लेख आहे, यादव राजा सिंघणाचा, शके ११३६. तो पोरांनी अडखळत का होईना सुरुवातीपुरता लावला. खडू, पीठ, रंग काहीही अक्षरात भरायचं नाही. संरक्षित स्मारक आहे, ठसा घ्यायचा तर परवानगी लागते, आणि फोटोसाठी दुसऱ्या मोबाईलची बॅटरी आडवी धरली की काम भागतं.

मला तिथं एक गोष्ट खटकत राहिली. एवढा दगड उघडा, ऊन-पाऊस-पूर खाऊन उभा आहे, आणि आमच्याकडच्या एका गावात तसल्याच जुन्या देवळाला गेल्या वर्षी वर्गणी काढून ऑइलपेंट लावला. मॅडम म्हणाल्या रंगानं दगडाचा श्वास बंद होतो, आत मुरलेलं पाणी बाहेर निघत नाही आणि पापुद्रे सुटतात. हे गावाला सांगायचं कसं हा प्रश्न त्यांनी परत माझ्याकडंच टाकला.

येताना नृसिंहवाडीला जेवण, कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी, बासुंदी. कवठाची बर्फी घ्या, पण आधी तुकडा चाखून, सगळ्यांना ती आंबटगोड चव आवडतेच असं नाही. मी दोन बॉक्स घेतले.

सोमवार: पन्हाळा

सरकारी म्युझियम सोमवारी बंद असतात, म्हणून गड शेवटी. टूर आखताना हे आधी बघा, आमच्या आयोजकांनी बघितलं होतं. ११ जुलै २०२५ ला मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्यात पन्हाळा आहे, तेव्हापासून गर्दी वाढलीय असं कंडक्टर काका म्हणाले.

आज परीक्षा होती. प्रत्येकानं एक जागा निवडून पाच मिनिटं गाइड व्हायचं, पहिल्या दोन मिनिटांत साल आणि राजाचं नाव घ्यायचं नाही. काकांनी राजदिंडी घेतली, म्हणजे शिवाजी महाराज वेढ्यातून निसटले ती वाट. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, १२ जुलैची रात्र, शिवा काशीद, बाजीप्रभू, हे सगळं त्यांना पाठ, वर्षानुवर्षं एका दमात सांगत आलेत. तोंडावर आलेलं सगळं गिळून त्यांनी फक्त विचारलं, "इथनं खाली उतरायचंय, रात्र आहे, पाऊस आहे, वाट दाखवा." सगळे कड्यापाशी जाऊन खाली बघायला लागले. झाडी, निसरडी उतरण, लांबवर मसाईचं पठार. एका पोरीनं विचारलं, पालखी घेऊन? काका म्हणाले, व्हय, पालखी घेऊन. मग गोष्ट सांगितली, आणि आम्ही हजारदा ऐकलेली ती गोष्ट तिथं जड झाली.

मामांनी अंबरखाना घेतला. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची कोठारं, त्यातलं गंगा कोठार सगळ्यात मोठं, पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं म्हणतात. आत शिरलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं एवढा गारवा. मामा मधोमध उभे राहिले, कमरेवर हात ठेवून.

"समजा तुम्ही हमाल. दारातनं पोती आणायला लागलाय. भरत भरत दारापतूर आलं. आता वर जागा शिल्लक हाय, पर आत जायला वाट न्हाई. काय करशीला?"

कोणी म्हणालं दुसरं दार असेल, कोणी म्हणालं शिडी. मामा गप्प. पाच मिनिटं नाही, पण दोन मिनिटं तरी गप्प. मग सोलापूरच्या सरांची मान वर गेली आणि पाठोपाठ सगळ्यांची. छताच्या प्रत्येक कमानीत एक भोक. बाहेरून जिने वर जातात ते गच्चीवर हवा खायला नाहीत, धान्य तिथून वर नेऊन भोकांतून आत ओतायचं. मी या कोठारात शाळेच्या सहली घेऊन आलेय, मुलांना खंडीचा आकडा लिहून घ्यायला लावलाय. वर कुणी बघितलं नव्हतं.

मॅडमनी मामांना पैकीच्या पैकी दिले. मामा म्हणाले आता रिक्षाचं भाडं वाढवतो.

अंधारबाव आणि तीन दरवाजा ऊन उतरल्यावर करा, तीन दरवाजावरचा फारसी लेख तिरप्या उन्हात बॅटरीशिवाय दिसतो. चपला घ्यायच्या असतील तर गडावर घेऊ नका, खाली कोल्हापुरात वास घेऊन, वाकवून घ्या. आणि जेवणाला तिथल्या मावशींकडं पिठलं-भाकरी आणि दही, पण ठेचा वेगळा मागून घ्या, ताटात आपणहून वाढतात तो पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी केलेला असतो.